तीन महिन्यांची शपथ : वंदनीय मॅट टॅलबट

दारू सोडलेल्या बांधवांच्या घरची माणसे आम्हाला विचारतात, इतकी वर्षे प्यायलेला माणूस खरेच सावरतो का? त्यांच्यासाठी आज डब्लिनच्या एका हमालाची हकीकत देत आहोत.

मॅट टॅलबट यांचा जन्म २ मे १८५६ रोजी आयर्लंडमधील डब्लिन शहरात झाला. बारा भावंडांत ते दुसरे. वडील पिणारे, घरी गरिबी. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि मॅट मद्याच्या एका पेढीत कामाला लागले. तेथेच प्यायला शिकले. पुढची पंधरा-सोळा वर्षे मजुरी गुत्त्यात जाऊ लागली. पैसे संपले की पायातले बूट गहाण पडत. एकदा तर रस्त्यावर वाजवून पोट भरणाऱ्या गरिबाचे फिडल साथीदारांबरोबर चोरून त्या पैशांची दारू प्याले.

१८८४ साली वय होते २८. हाताला काम नव्हते, खिसा रिकामा होता. शनिवारी मजुरी घेऊन येणाऱ्या मित्रांची वाट पाहत ते गुत्त्याजवळ उभे राहिले. ज्यांना आजवर पाजले, त्यांतला एकही त्यांना आत या म्हणाला नाही. ते तसेच घरी गेले, आईला आपला निश्चय सांगितला आणि क्लॉनलिफच्या होली क्रॉस कॉलेजात धर्मगुरूंसमोर शपथ घेतली. फक्त तीन महिन्यांची! आयुष्यभराची शपथ त्यांनी पुढे घेतली. आरंभी झेपेल तेवढीच घेतली हे शहाणपणाचे, असे आम्हाला वाटते.

ते तीन महिने फार जड गेले. (अनेक वर्षांची दारू घरच्या घरी एकदम बंद करणे धोक्याचे असते, झटके येऊन जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांना भेटावे.) पहाटे मिस्सा, दिवसभर काम. खरी कठीण वेळ संध्याकाळची. मित्र गुत्त्यात असत, म्हणून मॅट चर्चमध्ये जाऊन बसत. एकदा पाय गुत्त्यात वळलेच. वाढणाऱ्याचे लक्ष गेले नाही, तेव्हा ते बाहेर पडले आणि तेव्हापासून खिशात पैसे ठेवणे त्यांनी बंद केले.

मग तुटलेली नाती. ज्यांचे देणे होते त्यांचे त्यांनी फेडले. फिडलवाल्याला शहरभर शोधले, पण तो सापडला नाही. त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करविल्या. १८९९ मध्ये वडील वारल्यावर आईजवळ राहिले, ते १९१५ मध्ये तिचे निधन होईपर्यंत. १९१३ च्या डब्लिनच्या मोठ्या टाळेबंदीत ते कामगारांबरोबर राहिले आणि मिळालेले पैसे मुलाबाळांच्या सोबत्यांना दिले.

त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक डॉ. मायकल हिकी क्लॉनलिफला तत्त्वज्ञान शिकवीत. आम्हीही तत्त्वज्ञान शिकलो, पण वर्गाबाहेर त्याचा इतका चांगला उपयोग क्वचितच पाहिला. अर्धवट शाळा शिकलेले मॅट पुढे संत ऑगस्टीनसुद्धा वाचू लागले. १८९० मध्ये ते फ्रान्सिस्कन तृतीय संघात सामील झाले.

फळीवर झोपणे, कोरडी भाकरी, कडक उपास, हे मात्र आम्ही कोणाला सुचविणार नाही. सावरणाऱ्या शरीराला वेळेवर जेवण आणि झोप हवी. त्यांचीही प्रकृती ढासळली, १९२३ मध्ये रुग्णालयात राहावे लागले आणि बराच काळ वखारीतले काम बंद होते.

७ जून १९२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या सणादिवशी मिस्साला जाताना ग्रॅनबी गल्लीत ते कोसळले आणि तेथेच प्राण गेला. प्रायश्चित्तासाठी अंगावर बाळगलेल्या साखळ्या रुग्णालयात सापडल्या, तेव्हा कुठे लोकांनी चौकशी सुरू केली. १९७५ मध्ये पोप पौल सहावे यांनी त्यांना वंदनीय म्हणून घोषित केले. त्यांचे अवशेष १९७२ पासून डब्लिनच्या लूर्द माता चर्चमध्ये आहेत. व्यसनातून सावरणारी माणसे आणि त्यांच्या घरची मंडळी तेथे प्रार्थनेला येतात.