जोसेफ लिस्टर

जोसेफ लिस्टर (जन्म : ५ एप्रिल १८२७, अप्टन, एसेक्स, मृत्यू : १० फेब्रुवारी १९१२, वॉल्मर, केंट) हे ब्रिटिश शल्यचिकित्सक होते. जंतुरोधक शस्त्रक्रियेचे प्रवर्तक म्हणून ते सर्वज्ञात आहेत. शरीरात विरघळणाऱ्या धाग्यांवरील त्यांचे काम मात्र त्यामानाने उपेक्षित राहिले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिक्षण घेऊन ते १८५३ मध्ये एडिंबरा येथे जेम्स साइम यांच्याकडे गेले. साइम यांची कन्या ॲग्नेस हिच्याशी १८५६ मध्ये त्यांचा विवाह झाला. १८६० मध्ये ते ग्लासगो येथे प्राध्यापक झाले. पाश्चर यांच्या संशोधनाच्या आधारे १८६५ पासून त्यांनी जखमांवर कार्बॉलिक आम्ल वापरले.

धमनीबंध आणि तात

त्या काळी धमनी रेशमी धाग्याने बांधून त्याची टोके जखमेबाहेर लोंबत ठेवीत. धागा सुटेपर्यंत जखम पुरती भरत नसे. तो सुटताना धमनी फुटून रोगी दगावण्याचे भय असे. जानेवारी १८६८ मध्ये लिस्टर यांनी एका स्त्रीची धमनी जंतुरहित रेशमाने बांधली आणि टोके कापून जखम मिटवली. जखम भरली. दहा महिन्यांनी ती अन्य धमनीविकाराने मरण पावली, तेव्हा शवविच्छेदनात रेशमाजवळ पुवासारखा द्रव आढळला.

म्हणून त्यांनी शरीराला पचेल असा धागा घेतला : मेंढीच्या आतड्याची तात. तिच्या ‘कॅटगट’ या नावाचा मांजराशी संबंध नाही. अकोटसारख्या वऱ्हाडी कापूसपेठेत पिंजाऱ्याच्या धनुकलीला लागे, ती तातही याच जातीची. १८६८ च्या अखेरीस त्यांनी एका वासराची मानेतील धमनी तातीने बांधली. महिनाभराने पाहता बंध जसाच्या तसा राहिला असे प्रथम वाटले. बारकाईने तपासल्यावर तेथे जिवंत ऊतक आढळले. तरीही प्रश्न सुटला नव्हता. तात लवकर विरघळल्यास रक्तस्राव होई, म्हणून क्रोमिक आम्लाने ती टिकाऊ करण्याचे प्रयोग ते पुढे अनेक वर्षे करीत राहिले.

१८९५ ते १९०० या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १८९७ मध्ये त्यांना बॅरन ही पदवी मिळाली.

नंतरचा विकास

तातीतील प्रथिने शरीरातील पेशींची विकरे तोडतात. त्यामुळे तिचा टिकाव रोग्यागणिक बदलतो. १९६६ मध्ये आर. के. कुलकर्णी व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेतील रोपणांसाठी पॉलिलॅक्टिक आम्लाचा वापर मांडला. या पॉलिमरच्या साखळ्या मुख्यतः पाण्यामुळे तुटतात. आधी रोपणाची ताकद घटते, वस्तुमान नंतर कमी होते. शेवटी उरलेल्या लॅक्टिक आम्लाचे शरीर कार्बन डायऑक्साइड व पाणी यांत रूपांतर करते.