पेढीवरची आत्मखतावणी : श्रीमद् राजचंद्र

जैन धर्मात श्रावक आणि साधू या दोघांसाठीही षडावश्यके सांगितली आहेत. त्यांपैकी प्रतिक्रमण म्हणजे झालेल्या दोषांकडे मागे वळून पाहणे आणि त्यांपासून परत फिरणे. दैवसिक, रात्रिक, पाक्षिक, चातुर्मासिक व सांवत्सरिक असे त्याचे कालभेद आहेत. व्यापारी जसा दिवसाअखेर रोजमेळ जुळवतो, तसा साधक दिवसभराच्या मन-वचन-कायेच्या व्यवहाराचा हिशेब जुळवतो. हा हिशेब ज्यांनी लाखोंची उलाढाल असलेल्या पेढीवर बसून अखंड लिहिला, त्या श्रीमद् राजचंद्रांचे जीवन व्यापारी व कृषक समाजाला विशेष बोधप्रद आहे.

श्रीमद् राजचंद्रांचा जन्म सौराष्ट्रातील ववाणिया या गावी कार्तिक पौर्णिमेस, दि. ९ नोव्हेंबर १८६७ रोजी झाला. पिता रवजीभाई मेहता व माता देवबा. आजोबा कृष्णभक्त, तर मातेचे संस्कार जैन. त्यामुळे दोन्ही परंपरांचे सिंचन बालमनावर झाले. स्मरणशक्ती इतकी तीव्र की एकदा ऐकलेला पाठ जसाच्या तसा म्हणून दाखवीत. तथापि पुढे बाविसाव्या वर्षी स्वतःच्या जीवनाचे संक्षिप्त अवलोकन लिहिताना या बुद्धीचा गौरव करून ते थांबले नाहीत. आपण बालपणी अभ्यासात आळशी, बोलघेवडे व खेळकर होतो, हेही त्यांनी निःसंकोचपणे नोंदवून ठेवले. पित्याच्या दुकानावर बसू लागल्यानंतर कोणालाही कमी-अधिक भाव सांगितला नाही, कोणालाही कमी-अधिक तोलून दिले नाही, ही नोंदही त्याच लेखात आहे. गुण आणि दोष दोन्ही एकाच वहीत, एकाच शाईने लिहिण्याची ही सवय त्यांना तरुण वयातच जडली होती.

वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी अवघ्या तीन दिवसांत १०८ पाठांची ‘मोक्षमाळा’ रचली. १८८७ साली मुंबईतील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शतावधानाचा प्रयोग केला आणि नगरातील विद्वज्जन चकित झाले. सुवर्णपदक लाभले, कीर्ती पसरली, युरोपात जाऊन असे प्रयोग करण्याची सूचनाही पुढे आली. सामान्य मनुष्य येथेच कृतार्थ झाला असता. श्रीमदांनी मात्र या कीर्तीने आत्म्याचे काय हित होते, असा प्रश्न स्वतःला केला आणि उत्तर नकारार्थी येताच अवधानाचे प्रयोग सोडून दिले. आत्मपरीक्षणामुळे काय करावे हे जसे कळते, तसे काय सोडावे हेही कळते. त्यांच्या पुढील आयुष्यात इतके कार्य थोड्या काळात झाले, त्यामागे हा त्याग होता.

१८८८ साली त्यांचा विवाह झाला. त्यानंतर लवकरच रेवाशंकर जगजीवन यांच्यासह त्यांनी मुंबईत हिरे-मोत्यांच्या व्यापारात भागीदारी पत्करली. रत्नांची पारख, देशोदेशीच्या व्यापाऱ्यांशी व्यवहार, भावातील चढउतार हे सारे ते कुशलतेने सांभाळीत. भाव चढल्यामुळे समोरच्या व्यापाऱ्यावर सर्वनाशाची पाळी आली असता त्यांनी सौद्याचा कागदच फाडून टाकला, असा प्रसंग त्यांच्या चरित्रांत सांगितला जातो. व्यवहारात दक्ष, परंतु दुसऱ्याच्या दुःखावर स्वतःचा नफा उभारण्यास सर्वथा असमर्थ, असे हे व्यक्तिमत्त्व होते.

जुलै १८९१ मध्ये इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन परतलेल्या मोहनदास गांधींची त्यांच्याशी मुंबईत भेट झाली. पुढे आत्मकथेत गांधीजींनी या भेटीसाठी स्वतंत्र प्रकरण दिले. त्यांच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटला तो स्मरणशक्तीचा नव्हे, तर एका साध्या दृश्याचा. श्रीमदांच्या पेढीवर एखादा धर्मग्रंथ व रोजनिशी सदैव असे. लाखोंचा सौदा पुरा होताच ते ग्रंथ किंवा रोजनिशी उघडीत. त्यांच्या प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा मोठा भाग याच रोजनिशीतून आला, असेही गांधीजींनी नमूद केले आहे. पुढे १८९४ साली दक्षिण आफ्रिकेत धर्मविषयक शंकांनी मन व्याकूळ झाले, तेव्हा गांधीजींनी २७ प्रश्न लिहून पाठविले ते याच जवाहिऱ्याकडे.

श्रीमदांच्या तीन ‘हाथनोंधी’ आज उपलब्ध आहेत. त्या इतरांस उपदेश करण्यासाठी लिहिलेल्या नसून स्वतःशी केलेला संवाद आहेत. कोठे एखादा तात्त्विक प्रश्न, कोठे निश्चय, कोठे अपुरे सोडलेले टिपण. व्यवसायाची उपाधी आणि अंतरीची निवृत्ती यांतील ओढाताण त्यांत व पत्रांत स्पष्ट दिसते. कुटुंबाची व भागीदारांची जबाबदारी अर्ध्यावर टाकून जाणे त्यांना मान्य नव्हते, आणि व्यापारात रमणेही शक्य नव्हते. हे द्वंद्व त्यांनी लपविले नाही. वर्षातील काही मास पेढीपासून दूर, चरोतर व ईडरच्या एकांतात घालविण्याचा क्रम त्यांनी ठेवला. अशाच निवृत्तीच्या काळात १८९६ साली नडियाद येथे एकाच बैठकीत १४२ गाथांचे ‘आत्मसिद्धिशास्त्र’ अवतरले. एका बैठकीत झालेली ही रचना वर्षानुवर्षांच्या दैनंदिन चिंतनाचे पक्व फळ होते.

अखेरच्या वर्षांत व्यवसायातून अंग काढून ते पूर्ण त्यागाकडे वळत होते; परंतु देहाने साथ दिली नाही. दि. ९ एप्रिल १९०१ रोजी राजकोट येथे, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यांनी समाधिभावाने देह ठेवला. सर्वसंगपरित्यागाचा मनोदय अपुरा राहिला. मागे उरली ती नऊशेहून अधिक पत्रे व लेख, आणि त्या हातवह्या. इतक्या अल्प आयुष्यात गृहस्थी, व्यापार आणि एवढे वाङ्मय कसे साधले, याचे उत्तर त्यांच्या दिनक्रमात आहे. दोन कामांमधील जो अवकाश इतरांचा गप्पांत वा चिंतेत सरतो, तो त्यांनी वहीला दिला.

उचगावच्या पंचक्रोशीत ऊसशेती आहे. शेजारी गांधीनगरची कापडाची मोठी बाजारपेठ आहे. वहीखाते येथील घराघरांत परिचित आहे. उधारी किती, येणे किती, कारखान्याचे बिल किती, हे येथे चोख लिहिले जाते. त्याच वहीशेजारी दुसरी एक लहान वही ठेवण्यास कोणताही खर्च नाही. आज वेळ कोठे गेला, कोणास कठोर शब्द बोलला गेला, मापात वा वचनात कोठे उणे पडले, कोणते काम उद्यावर ढकलले आणि का, इतक्या चार ओळी निजण्यापूर्वी लिहिल्या तरी पुरे. पंधरा दिवसांनी पाक्षिक प्रतिक्रमणाच्या वेळी ती पाने वाचली, की एकच दोष कितीदा परतला हे डोळ्यांना दिसते. मुखोद्गत पाठ तेव्हा केवळ पाठ राहत नाही. त्यातील प्रत्येक शब्दाला स्वतःच्या आयुष्यातील तारीख लाभते. श्रीमद् राजचंद्रांना वाहावयाची आदरांजली या लहानशा वहीच्या पहिल्या पानापासून सुरू होऊ शकते.