इरावती कर्वे

इरावती दिनकर कर्वे (१५ डिसेंबर, १९०५ - ११ ऑगस्ट, १९७०) या मराठी मानवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि लेखिका होत्या. भारतातील विवाहपद्धती, कुटुंबरचना आणि नातेव्यवस्था यांचा देशव्यापी तौलनिक अभ्यास करणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते. सर्वसामान्य मराठी वाचक त्यांना प्रामुख्याने 'युगान्त'च्या लेखिका म्हणून ओळखतो. परंतु 'युगान्त'मधील पात्रांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी नातेसंबंधांच्या दीर्घ शास्त्रीय अभ्यासातून घडलेली होती.

जन्म आणि बालपण

इरावतीबाईंचा जन्म ब्रह्मदेशातील म्यिंज्यान येथे झाला. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर तेथे एका कापूस कंपनीत अभियंता होते. ब्रह्मदेशातील इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवण्यात आले. वयाच्या सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्यास पाठविण्यात आले व हुजूरपागेच्या वसतिगृहात त्या राहू लागल्या. शाळेत शकुंतला परांजपे यांच्याशी त्यांची मैत्री झाली आणि त्या ओळखीतून त्या रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी राहावयास गेल्या. पुस्तकांनी भरलेल्या आणि मोकळ्या विचारांच्या या घराचा त्यांच्यावर कायमचा संस्कार झाला. आईवडील समुद्रापलीकडे आणि आपण दुसऱ्याच कुटुंबात वाढत असलेली मुलगी, अशी त्यांची बालपणीची स्थिती होती. रक्ताचे नाते आणि आधाराचे नाते एकच असते असे नाही, याचा अनुभव त्यांना अशा रीतीने लहान वयातच आला.

शिक्षण आणि विवाह

फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या. त्यानंतर मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून १९२८ मध्ये एम.ए. पदवी मिळविली.

याच सुमारास त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. दिनकरराव रसायनशास्त्राचे अध्यापक होते व पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव. संततिनियमनाचे प्रवर्तक र. धों. कर्वे हे त्यांचे सावत्र बंधू. महर्षींनी १८९३ मध्ये विधवेशी पुनर्विवाह केला होता आणि दिनकरराव त्या विवाहातील अपत्य होते. विवाहाचे रूढ नियम मोडण्याची किंमत मोजलेल्या घरात इरावतीबाई सून म्हणून आल्या. मात्र सुधारकाच्या घरातही सुनेला सर्व वाटा आपोआप मोकळ्या होत नाहीत. उच्च शिक्षणासाठी इरावतीबाईंनी परदेशी जावे हे स्त्रीशिक्षणाच्या या अग्रणीला मान्य नव्हते. दिनकररावांनी वडिलांचा विरोध बाजूस सारून पत्नीला जर्मनीस पाठविले. त्यासाठी डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेण्यात आले.

बर्लिनमध्ये १९२८ ते १९३० या काळात त्यांनी ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवटीच्या असममितीवर संशोधन केले व बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्ताचे पुरस्कर्ते होते. युरोपीय लोकांच्या कवटीची घडण इतरांहून वेगळी व श्रेष्ठ असल्याच्या गृहीतकाला इरावतीबाईंच्या मोजमापांनी आधार दिला नाही आणि त्यांनी तसे प्रबंधात नोंदविले. परक्या देशातील एका विद्यार्थिनीने मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष मांडणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

डेक्कन कॉलेज

भारतात परतल्यावर १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात प्रशासकीय काम पाहिले. ते त्यांच्या पिंडाला मानवणारे नव्हते. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि उर्वरित कारकीर्द त्यांनी तेथेच व्यतीत केली. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्यासमवेत गुजरातमधील लांघणज येथील उत्खननात त्यांनी मानवी सांगाड्यांचा अभ्यास केला. १९४७ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेच्या दिल्ली अधिवेशनात त्या मानवशास्त्र विभागाच्या अध्यक्ष होत्या.

नातेव्यवस्थेचा अभ्यास

इरावतीबाईंचे मुख्य संशोधन नातेव्यवस्थेवर आहे. आरंभी त्यांनी ऋग्वेद, अथर्ववेद आणि महाभारत यांतील नातेवाचक शब्द गोळा करून त्यांवरून प्राचीन कुटुंबाची रचना उलगडण्याचा प्रयत्न केला. पुढे प्रवास करून निरनिराळ्या भाषांतील नातेवाचक शब्द, लोकगीते, म्हणी आणि प्रत्यक्ष चालीरीती यांची सामग्री त्यांनी जमविली. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत अध्यापनासाठी गेल्या असताना या सामग्रीवर आधारित ग्रंथाचा पहिला खर्डा तयार झाला आणि १९५३ मध्ये डेक्कन कॉलेजने तो 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या नावाने प्रसिद्ध केला.

या ग्रंथात भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग कल्पिलेले आहेत. त्यांपैकी पूर्व विभाग भौगोलिकदृष्ट्या सलग नसून ऑस्ट्रो-आशियाई भाषा बोलणाऱ्या समाजांचा आहे. नातेवाईकांस कोणत्या शब्दांनी संबोधिले जाते यावरून विवाहाचे नियम कळतात, आणि विवाहाच्या नियमांवरून माणसाला, विशेषतः स्त्रीला, आयुष्यभर कोणाचा आधार मिळेल हे ठरते, असे सूत्र या मांडणीतून पुढे येते.

उत्तरेत सगोत्र व सपिंड विवाह वर्ज्य असतो आणि अनेक भागांत गावातल्या गावातही सोयरीक होत नाही. त्यामुळे मुलगी दूरच्या गावी, अपरिचित माणसांत जाते. सासरी तिला वडीलधाऱ्यांसमोर पडदा पाळावा लागतो, नवऱ्याशी चारचौघांत बोलता येत नाही, आणि मुलगा होईपर्यंत घरात तिचे स्थान पक्के होत नाही. माहेरी ती मोकळेपणाने वावरते, पण तेथे ती पाहुणी असते. माहेरहून येणाऱ्या भावाची वाट पाहणाऱ्या बहिणीची गीते या परिस्थितीतून निर्माण झाली, आणि इरावतीबाईंनी अशा गीतांना नियमपुस्तकांइतकेच पुराव्याचे मोल दिले.

दक्षिणेत चित्र उलटे आहे. तेथे मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी, आणि अनेक समाजांत सख्ख्या भाचीशी विवाह होतो. सासू ही आत्या किंवा आजी असू शकते. लग्नानंतर मुलगी आपल्या माणसांतून आपल्याच माणसांत जाते, म्हणून माहेर आणि सासर यांतील दरी तितकी खोल नसते. उत्तरेतील विवाह कुटुंबाचे वर्तुळ विस्तारतो, तर दक्षिणेतील विवाह जुने बंध अधिक घट्ट करतो, हा त्यांचा निष्कर्ष पुढील अभ्यासकांनी अनेकदा आधारभूत मानला.

महाराष्ट्र त्यांनी मध्य विभागात घातला, कारण तेथे दोन्ही पद्धतींची सरमिसळ आढळते. मराठा-कुणबी समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालते, पण आत्याची मुलगी करणे बहुधा योग्य मानले जात नाही. मामेबहीण सून म्हणून घरात आली की तिची सासू तिची आत्याच असते. मराठी सुना सासूस 'आत्याबाई' म्हणत, त्याचा उलगडा या चालीवरून होऊ शकतो.

एकत्र कुटुंबाची त्यांनी केलेली व्याख्या आजही पाठ्यपुस्तकांत आढळते. एका छपराखाली राहणारे, एका चुलीवरचे अन्न खाणारे, सामाईक मालमत्ता व सामाईक कुलाचार असणारे आणि विशिष्ट नात्याने बांधलेले लोक म्हणजे एकत्र कुटुंब, असा तिचा आशय आहे. वाटणी झाली म्हणजे एकत्र कुटुंब संपत नाही. ते लहान लहान एकत्र कुटुंबांत विभागते आणि ती पुन्हा वाढू लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते.

जात, गाव आणि विस्थापन

जात हे मुळात परस्परांत विवाह करणाऱ्या नातेवाइकांचे विस्तारलेले वर्तुळ आहे, असे इरावतीबाई मानत. 'हिंदू सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन' (१९६१) या ग्रंथात त्यांनी एका मूळ वर्णव्यवस्थेचे तुकडे पडून जाती झाल्या हे मत नाकारले. कुंभारांसारख्या एकाच व्यवसायाच्या लोकांतही परस्परांशी सोयरीक नसलेल्या अनेक जाती कशा नांदतात, हे त्यांनी दाखविले. आपले गुरू घुर्ये यांच्या मताशी असलेला हा मतभेद त्यांनी झाकून ठेवला नाही.

उत्तरायुष्यात त्यांनी उपयोजित स्वरूपाची पाहणीही केली. यशवंत दामले यांच्याबरोबर ग्रामसमूहातील परस्परसंबंधांवर आणि कन्या जाई निंबकर यांच्याबरोबर कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांवर त्यांनी अहवाल लिहिले. कोयनेचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. धरणग्रस्तांचा प्रश्न जमिनीच्या मोबदल्यापुरताच पाहण्याच्या त्या काळात गाव उठल्यावर माणसांचे काय होते याची समाजशास्त्रीय पाहणी करणे हे मोलाचे काम होते.

ललित लेखन

'परिपूर्ती' (१९४९), 'भोवरा' (१९६०) आणि मरणोत्तर प्रसिद्ध झालेला 'गंगाजल' (१९७२) हे त्यांचे ललितलेखसंग्रह होत. 'परिपूर्ती' या लेखात एका समारंभात महर्षींची सून आणि प्राचार्यांची पत्नी अशी ओळख करून दिली गेलेली लेखिका काहीतरी राहून गेल्याच्या भावनेने घरी निघते. वाटेत शाळकरी मुले तिला आपल्या वर्गमित्राची आई म्हणून ओळखतात आणि तिची ओळख पूर्ण होते. हा शेवट सरळ अर्थाने घ्यावा की उपरोधाने, याविषयी वाचकांत एकमत नाही. नातेवाचक शब्दांच्या संशोधिकेला स्वतःचे नाव त्या यादीत कोठेच आढळत नाही, हे मात्र नजरेआड करता येत नाही.

'युगान्त' १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले व त्यास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याकडे त्यांनी देवत्वाची वलये दूर करून परक्या कुळात आलेल्या सुना म्हणून पाहिले. युधिष्ठिर हा विदुराचा पुत्र असावा, ही त्यांची मांडणी विशेष गाजली व वादग्रस्तही ठरली.

टीका

फ्रेंच मानवशास्त्रज्ञ लुई द्यूमाँ यांनी त्यांच्या नातेव्यवस्थेच्या ग्रंथाची विस्तृत चिकित्सा केली. संस्कृत ग्रंथांवर अतिरिक्त भर, मुख्यतः हिंदू समाजापुरती मर्यादा आणि विभागांची ढोबळ आखणी हे आक्षेप नंतरच्या अभ्यासकांनीही घेतले. त्यांची शरीरमापने ज्या शास्त्रावर उभी होती ते शास्त्रच आता कालबाह्य झाले आहे. क्षेत्रकार्यातील नोंदींचे तसे झाले नाही.

कुटुंब आणि निधन

इरावतीबाई कुंकू व मंगळसूत्र वापरीत नसत आणि पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवीत. जाई निंबकर व गौरी देशपांडे या त्यांच्या दोन्ही कन्या लेखिका म्हणून, तर पुत्र आनंद कर्वे शास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांचे निधन ११ ऑगस्ट, १९७० रोजी झाले.