घर सावरणारी लुइझा

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात कॉन्कर्ड नावाचे एक लहानसे गाव आहे. १७७५ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या चकमकी याच भागात झडल्या. पुढे इमर्सन, थोरो, हॉथॉर्न असे मोठे लेखक तेथे राहिले. त्यांच्या शेजारात वाढलेल्या लुइझा मे अल्कॉट हिची ही हकिगत. शांता शेळके यांनी मराठीत आणलेले ‘चौघीजणी’ आपल्यापैकी पुष्कळ जणींनी वाचले असेल. ते मूळ पुस्तक हिचेच.

लुइझाचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ चा. चार बहिणींत ती दुसरी. वडील विद्वान, विचारांनी थोर. पण पैसा मिळवणे त्यांना साधले नाही. आईची ओढाताण मुलगी रोज पाहत होती. म्हणून तिने शिवणकाम केले, मुले शिकवली, परक्या घरी चाकरीही केली. गोष्टी लिहून त्यांचे पैसे ती घरी देई.

१८५८ साली धाकटी बहीण एलिझाबेथ वारली. १८६२ च्या डिसेंबरात लुइझा यादवी युद्धातील जखमी शिपायांच्या शुश्रूषेला वॉशिंग्टनला गेली. थोड्याच आठवड्यांत तिला विषमज्वराने गाठले. तेव्हा दिलेल्या औषधात पारा होता. प्रकृती पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही, तरी लेखणी थांबली नाही.

१८६८ साली प्रकाशकाने मुलींसाठी पुस्तक मागितले. तिला त्याची हौस नव्हती, पण घराला गरज होती. वडिलांनी करून दिलेल्या लहानशा मेजावर बसून तिने आपल्याच बहिणींचे रुसवे, खेळ आणि माया लिहून काढली. पुस्तक घरोघरी गेले आणि घरचे कर्ज फिटले.

१८७९ साली तेथील स्त्रियांना शाळा समितीपुरता मताचा हक्क मिळाला. कॉन्कर्डमध्ये पहिले नाव लुइझाने नोंदवले. त्याच वर्षी सर्वांत धाकटी बहीण मे बाळंतपणानंतर वारली. लग्न न केलेल्या लुइझाने तिची तान्ही लेक सांभाळली. वडिलांमागोमाग दोनच दिवसांनी, ६ मार्च १८८८ रोजी, तिने देह ठेवला.

तिचे कॉन्कर्डचे घर पुढे मोडकळीस आले. तेव्हा गावातील महिला मंडळाने पुढाकार घेऊन ते वाचवले आणि १९१२ साली सर्वांना पाहण्यास खुले केले. जिने लेखणीने घर सावरले, तिचे घर गावच्या बायकांनी एकत्र येऊन सावरले. भगिनींनो, मंडळ कशासाठी असते, हे याहून वेगळे काय सांगावे?