गाल्वाला नापास कोणी केले?

निकाल लागले की गुणवत्तेचे पोवाडे सुरू होतात. ज्याला गुण जास्त तो हुशार आणि प्रवेश परीक्षेत पडला तो नालायक, असा सोपा हिशेब मांडला जातो. हा हिशेब मांडणाऱ्यांनी एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच गणितज्ञाचे आयुष्य एकदा नजरेखालून घालावे, असे आम्हाला वाटते.

गाल्वाचा जन्म २५ ऑक्टोबर १८११ रोजी पॅरिसजवळच्या बूर-ला-रेन या गावी झाला. वडील गावचे नगरप्रमुख, विचाराने उदारमतवादी. १८२३ साली तो पॅरिसच्या लुई-ल-ग्रां या नामवंत शाळेत दाखल झाला. पुढे शाळेने त्याला एक वर्ग मागे बसवले. त्याच सुमारास त्याला गणिताचा ध्यास लागला आणि बाकीचे विषय मागे पडले.

त्याला एकोल पॉलिटेक्निकमध्ये जायचे होते. ही संस्था क्रांतीनंतर १७९४ साली निघाली. जन्म न पाहता परीक्षेने प्रवेश द्यायचा, हा तिचा दंडक. दंडक चांगलाच होता. पण त्या परीक्षेसाठी तयारीचे खास वर्ग असत आणि तिथवर पोहोचायलाही घरची ऐपत लागे. गाल्वा १८२८ साली तो वर्ग न करताच परीक्षेला बसला आणि नापास झाला.

मग रिशार नावाचे शिक्षक त्याला भेटले. त्यांनी या मुलाचे पाणी ओळखले. एप्रिल १८२९ मध्ये त्याचा पहिला शोधनिबंध छापून आला. जुलैत घरावर आघात झाला. गावच्या धर्मगुरूने वडिलांच्या नावावर खोडसाळ कविता पसरवल्या आणि त्या बदनामीने खचून वडिलांनी आत्महत्या केली. ते दुःख ताजे असतानाच गाल्वा दुसऱ्यांदा परीक्षकापुढे उभा राहिला. परीक्षा फळ्यापुढे, तोंडी. मधल्या पायऱ्या मनातच सोडवून एकदम उत्तरावर जायची त्याची सवय परीक्षकाला पटली नाही. तो पुन्हा नापास झाला. तिसरी संधी नव्हती.

नाइलाजाने तो शिक्षक घडवणाऱ्या संस्थेत गेला. १८३० च्या क्रांतीत संचालकाने विद्यार्थ्यांना आत कोंडून ठेवले. गाल्वाने त्यावर जाहीर टीका केली, म्हणून त्याला काढून टाकण्यात आले. १८३१ साली विज्ञान अकादमीने त्याचा प्रबंध समजण्याजोगा नाही म्हणून परत केला. त्याच वर्षी प्रजासत्ताकवादी म्हणून तो तुरुंगात गेला. ३० मे १८३२ रोजी द्वंद्वयुद्धात त्याला गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. वय अवघे वीस.

१८४६ साली लिऊव्हिल या गणितज्ञाने त्याचे कागद छापले. कोणती समीकरणे मुळे काढून सुटतात आणि कोणती सुटत नाहीत, याची कसोटी त्यांत होती. आज जगभरची विद्यापीठे गाल्वाचा सिद्धांत शिकवतात.

आम्ही वकिली करतो. कोर्टाच्या निकालावर अपील असते. गाल्वाच्या निकालावर ते नव्हते. परीक्षा नकोत, असे आम्ही म्हणणार नाही. परीक्षा गेली की वशिला येतो, हे आम्ही जाणतो. पण परीक्षेने एका दिवसाची, एका पद्धतीची तयारी मोजली जाते. माणसाची बुद्धी नव्हे. नगरप्रमुखाचा मुलगा, नामवंत शाळेत शिकलेला, छापील निबंध नावावर असलेला. त्यालाही ही मोजपट्टी ओळखू शकली नाही. मग ज्यांना त्या फळ्यापर्यंत कधी पोहोचूच दिले नाही, त्यांच्या गुणवत्तेवर निकाल देण्याचा अधिकार या मोजपट्टीला कोणी दिला?