फ्लॉरेन्स नाइटिंगेल : आकड्यांचे चक्र रेखणारी विदुषी

रुग्णशुश्रूषेचे नाव निघताच हाती दीप घेतलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु त्याच हातांनी गणिताच्या बळावर एका बलाढ्य सरकारास वळविले, हे विद्यार्थिवर्गास क्वचितच ठाऊक असते.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. कुलीन कन्येने रुग्णालयात राबावे हे आप्तांस रुचेना. तथापि ती ईश्वराची आज्ञा मानून त्यांनी १८५१ मध्ये जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे ख्रिस्ती सेविकांच्या संस्थेत शिक्षण घेतले. १८५४ च्या नोव्हेंबरात क्रिमियन युद्धातील सैनिकांसाठी त्या ३८ परिचारिकांसह स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. तेथे गटारे तुंबलेली व हवा कोंदट होती. १८५५ च्या जानेवारीत त्या सैन्यातील ८३ शिपाई जखमांनी दगावले, तर पटकी, अतिसार, ज्वर अशा टाळता येण्याजोग्या रोगांनी २७६१! मार्चात आरोग्य मंडळाने येऊन गटारे साफ केली, हवा खेळती केली आणि मृत्युसंख्या झपाट्याने उतरली.

स्वदेशी परतल्यावर हे सत्य अधिकाऱ्यांस पटवावे कसे? आकड्यांचे रकाने कोण वाचणार? म्हणून १८५८ मध्ये बाईंनी एक वर्तुळाकृती आलेख प्रसिद्ध केला. बैलगाडीच्या चाकास आरे असतात, तद्वत एका केंद्राभोवती बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. प्रत्येकीचा कोन ३० अंशांचा. मृत्यू अधिक, तशी पाकळी लांब. रोगांस निळा, जखमांस तांबडा व इतर कारणांस काळा रंग. पाहणाराचे लक्ष प्रथम निळ्यावरच जाई.

यात एक मर्म आहे. त्रिज्या दुप्पट केल्यास क्षेत्रफळ चौपट होते. मग दुप्पट मृत्यू चौपट भासतील. यास्तव पाकळीचे क्षेत्रफळ मृत्यूंच्या प्रमाणात ठेवावे, अर्थात त्रिज्या वर्गमुळाच्या प्रमाणात घ्यावी. सत्कार्यासाठीही अतिशयोक्ती त्याज्यच होय! आज संगणक स्तंभालेखातील आडव्या अक्षाचा कोन व उंचीची त्रिज्या करून, म्हणजे ध्रुवीय निर्देशक योजून, असे चक्र क्षणात रेखतो. परंतु वर्गमुळाचा विवेक रेखणारानेच राखावा लागतो.

त्याच वर्षी लंडनच्या सांख्यिकी संस्थेने बाईंना सभासदत्व दिले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत. हिंदुस्थानात त्या कधीही आल्या नाहीत. तरी येथील आरोग्यासाठी त्यांनी अनेक वर्षे लेखणी झिजविली व पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही पत्रव्यवहार ठेविला. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्या निवर्तल्या.

बालमित्रहो, अमरावती वा अकोल्याच्या बारा महिन्यांच्या पर्जन्यमानाचे असे चक्र रेखून पाहा. जुलै-ऑगस्टच्या पाकळ्या फुगतील, एप्रिलची जेमतेम दिसेल. कंपास उचलण्यापूर्वी मात्र वर्गमूळ काढण्यास विसरू नका. भूतदयेस सत्यनिष्ठेची जोड मिळाली की केवढे कार्य घडते, हेच या साध्वीचे चरित्र आपणांस शिकविते.