जिम बर्न्स : ब्रिटिश इलेक्ट्रिक गिटारचे शिल्पकार

साठच्या दशकातील ब्रिटिश संगीताने अवघ्या जगाला वेड लावले. त्या काळातील गायक आणि वाद्यवृंदांची नावे आजही रसिकांच्या ओठावर आहेत. मात्र त्यांच्या हाती ज्यांनी वाद्ये दिली, ते कारागीर बहुधा विस्मृतीत गेले. जेम्स ऑर्मस्टन बर्न्स, अर्थात जिम बर्न्स, हे त्यांपैकी अग्रगण्य नाव. अमेरिकेत लिओ फेंडर यांना जे स्थान मिळाले, ते ब्रिटनमध्ये जिम बर्न्स यांना दिले जाते. फरक इतकाच की, फेंडर यांना त्यांच्या कामाने वैभव दिले, तर बर्न्स यांना स्वतःचे नावसुद्धा गमवावे लागले.

बर्न्स यांचा जन्म १९२५ मध्ये ईशान्य इंग्लंडमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते रॉयल एअर फोर्समध्ये होते. तारुण्यात त्यांना ओढ लागली ती हवाईयन स्टील गिटारची. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी फिरवत वाजवले जाणारे हे वाद्य त्या काळी युरोपप्रमाणेच कोलकाता आणि मुंबईतही लोकप्रिय होते. फेलिक्स मेंडेलसन यांच्या हवाईयन सेरेनेडर्स या नामांकित वाद्यवृंदात बर्न्स यांनी वादन केले. वादक म्हणून आलेल्या अनुभवातूनच वाद्याच्या उणिवा त्यांच्या ध्यानात आल्या आणि हात आपोआप लाकूडकामाकडे व विजेच्या तारांकडे वळले.

त्यांच्या उदयाला एक आर्थिक पार्श्वभूमी होती. युद्धाने जर्जर झालेल्या ब्रिटनने डॉलरची बचत करण्यासाठी १९५१ पासून अमेरिकी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध घातले. त्यामुळे फेंडर वा गिब्सन यांच्या गिटार ब्रिटिश तरुणांना केवळ छायाचित्रांत आणि ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवरच पाहता येत. हे निर्बंध १९५९ मध्ये उठले. त्याच वर्षी लखनौत जन्मलेले गायक क्लिफ रिचर्ड यांनी आपल्या वाद्यवृंदातील हँक मार्विन यांच्यासाठी अमेरिकेतून लाल रंगाची फेंडर स्ट्रॅटोकास्टर मागवली. तिचे त्या वेळी मोठेच अप्रूप होते. सामान्य वादकाला मात्र देशातच बनलेल्या चांगल्या वाद्याची गरज होती.

ही गरज बर्न्स यांनी ओळखली. १९५८ च्या सुमारास त्यांनी सुपरसाउंड या कंपनीसाठी, रंगून येथे जन्मलेले जाझ गिटारवादक आइक आयझॅक्स यांच्या नावाची गिटार साकारली. पुढील वर्षी हेन्री वाइल यांच्याशी त्यांनी भागीदारी केली. ती अल्पकाळच टिकली. अखेर १९६० मध्ये ऑर्मस्टन बर्न्स लिमिटेड ही त्यांची स्वतःची कंपनी उभी राहिली. लंडनच्या पूर्वेस एसेक्स परगण्यात तिचे काम चाले.

पुढील पाच वर्षे हा त्यांच्या आयुष्याचा सुवर्णकाळ ठरला. १९६१ मध्ये आलेल्या बायसन या काळ्याभोर गिटारची दोन टोके रानरेड्याच्या शिंगांप्रमाणे पुढे वळलेली होती. तिची बास आवृत्तीही निघाली. चार जाड तारांचे बास हे वाद्य गिटारपेक्षा एक सप्तक खाली बोलते आणि संपूर्ण वाद्यवृंदाला लयीचा व स्वराचा पाया देते. त्यापूर्वी हे काम माणसाच्या उंचीचे, उभे धरून वाजवायचे डबल बास करीत असे. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणून हा पाया गळ्यात अडकवता येण्याजोगा केला. ब्रिटनमध्ये त्याला देशी पर्याय देणाऱ्यांत बर्न्स आघाडीवर होते.

बर्न्स यांच्या कल्पकतेला नावे देण्याचाही छंद होता. त्यांच्या एका गिटारवरील कळीला वाइल्ड डॉग, म्हणजे रानकुत्रा, असे नाव होते. ती फिरवताच आवाज तीक्ष्ण आणि करकरीत होई. स्प्लिट साउंड या रचनेत जाड तारांचा आवाज एका पिकअपमधून आणि बारीक तारांचा दुसऱ्या पिकअपमधून घेतला जाई. तारांच्या कंपनांचे विजेच्या संदेशात रूपांतर करणारे पिकअपही ते स्वतःच्या कारखान्यात तयार करीत.

त्यांच्या कीर्तीचा कळस १९६४ मध्ये गाठला गेला. क्लिफ रिचर्ड यांना साथ करणारा आणि १९६० मधील अपाचे या वाद्यरचनेमुळे घराघरांत पोहोचलेला शॅडोज हा वाद्यवृंद त्या काळी ब्रिटनमध्ये आदर्श मानला जाई. आवाजाला झोका देणारी तरफ वापरल्यावर स्ट्रॅटोकास्टर बेसूर होते, ही हँक मार्विन यांची अडचण होती. बर्न्स यांनी मार्विन यांच्याशी दीर्घ विचारविनिमय करून नवी गिटार घडवली. तिच्या तारा सहा स्वतंत्र नळ्यांतून गिटारच्या अंगात उतरत, त्यामुळे तरफ सोडल्यावर त्या पुन्हा आपल्या सुरात येत. खुंट्यांच्या टोकाला व्हायोलिनसारखा वळसा होता. बर्न्स मार्विन या नावाने ती विकली गेली. तिच्याच जोडीने शॅडोज बास तयार झाला आणि तो जॉन रॉस्टिल यांच्या हाती आला. १९६६ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या वेळी बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसन यांनीही बर्न्सचा न्यू-सॉनिक बास हाताळला.

परंतु उत्तम कारागीर उत्तम व्यापारी असतोच असे नाही. नवनव्या रचनांचा ध्यास आणि कारखान्याचा वाढता खर्च यांचा मेळ बसेना. १९६५ च्या जानेवारीत अमेरिकेतील सीबीएसने फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. त्याच कंपनीसाठी प्रयत्नशील असलेल्या, पियानो व ऑर्गन बनवणाऱ्या सिनसिनाटीच्या बाल्डविन कंपनीने मग आपला मोर्चा बर्न्सकडे वळवला. सप्टेंबर १९६५ मध्ये व्यवहार झाला. गिटारवर बर्न्सऐवजी बाल्डविनचे नाव झळकू लागले. पियानोच्या व्यवसायात मुरलेल्या या कंपनीला गिटारची बाजारपेठ काही उमगली नाही आणि १९७० मध्ये हे उत्पादन बंद पडले.

बर्न्स यांना आता आपली कला दुसऱ्यांच्या नावाखाली मांडावी लागली. डॅलस आर्बिटर कंपनीच्या हेमन गिटारच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता. त्यांचे जुने सहकारी जॅक गोल्डर आणि नॉर्मन हौल्डर यांनी शेरगोल्ड ही गिटार कंपनी उभारली. तिचा सहा तारांचा बास पुढे जॉय डिव्हिजन आणि न्यू ऑर्डरच्या पीटर हूक यांनी गाजवला. स्वतः बर्न्स यांनी १९७४ मध्ये पुन्हा आपल्या नावाने कंपनी काढली. कॉन्कॉर्ड विमानाच्या आकारावरून सुचलेली फ्लाइट गिटार स्लेडच्या डेव्ह हिल यांनी वापरली. ती कंपनी १९७७ मध्ये बंद झाली. १९७९ मधील पुढचा प्रयत्नही काही वर्षांतच थांबला, तरी त्यातील स्टीअर ही गिटार गायक बिली ब्रॅग यांच्यासोबत व्यासपीठावर टिकून राहिली.

बर्न्स यांच्या कामाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. १९६३ मध्ये लंडनमधील एक विद्यार्थी वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवू लागला. शेकोटीच्या जुन्या चौकटीचे लाकूड त्याने वापरले, पण पिकअप मात्र बर्न्स यांचे तीन ट्राय-सॉनिक विकत आणून बसवले. तो विद्यार्थी म्हणजे ब्रायन मे. पाचगणीच्या शाळेत शिकलेले फारूख बलसारा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी, यांच्या क्वीन या वाद्यवृंदात हीच गिटार जगभर गाजली. ज्या काळात बर्न्स यांच्या कंपन्या उघडत आणि बंद पडत होत्या, त्याच काळात त्यांच्या पिकअपमधून निघालेला आवाज भरलेली मैदाने दुमदुमवत होता.

१९९२ मध्ये बॅरी गिब्सन यांनी बर्न्स लंडन ही कंपनी सुरू करून जुन्या रचनांना नवजीवन दिले. जिम बर्न्स यांना सल्लागार म्हणून सन्मानाने सोबत घेण्यात आले. तीन दशकांपूर्वी विकले गेलेले आपले नाव नव्या गिटारवर पुन्हा उमटलेले त्यांना पाहता आले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. साठच्या दशकातील त्यांचे बायसन, मार्विन आणि शॅडोज बास आज संग्राहकांच्या दृष्टीने मौल्यवान ठेवा आहेत.